अर्ध्यात भागतं

७ जानेवारी

वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. तुमचे दादाही ठणठणीत आहेत, रक्तदाब आणि स्वभाव सोडला तर.

फोन का नाही केला म्हणाल. घरून करायचा तर ह्यांचे डोळे टीव्हीकडे आणि कान माझ्याकडे असतात. कारखान्यात चाळीस शिलाई मशीन एकदम चालू असतात, तिथे माझंच बोलणं मला ऐकू येत नाही. शिवाय फोनवर मी रडायला लागते, तुम्ही मला गप्प करता आणि विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठवा.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. ढब्बू तुमच्या शहरात आहे. आमच्या कटिंग मास्तरांच्या भाच्याने त्याला तिथल्या बसस्थानकावर पाहिलं. म्हणाला, 'ओळखलंच नाही आधी, गालफडं बसलीत.' वन्सं, ज्या पोराला आपण ढब्बू म्हणत होतो त्याची गालफडं बसली. घर सोडून गेला त्याला आता अर्धं वर्ष होईल. हे त्याचं नाव काढत नाहीत. त्याच्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकलंय, आणि मी विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढतो.

तुमच्या त्या नशा करणाऱ्यांना सुया वाटायच्या केंद्रावरून मी तुम्हाला काय काय बोलले होते ते मला आठवतंय. 'चोराच्या हाती किल्ल्या देता' असं म्हणाले होते. म्हणाले तर म्हणाले. आता फक्त एवढं सांगा, तो तुमच्याकडे येतो का? येत असला तर निदान नवी सुई टोचून घेतो, कोणाची उष्टी नाही, एवढं तरी मला कळेल. बघा, आईने कशात सुख मानायचं ते!

हो किंवा नाही, एवढंच लिहा. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालंय माझं.

तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आता जे लिहिणार आहे त्यावर तू मला शिव्या घालणार हे मला माहीत आहे. घाल. पण मी 'हो'ही लिहिणार नाही आणि 'नाही'ही लिहिणार नाही.

आमच्याकडे कोण येतं ते आम्ही पोलिसांना सांगत नाही, बायकोला सांगत नाही, आईला सांगत नाही. कोण येत नाही तेही सांगत नाही. कारण एका आईला 'नाही' म्हटलं की दुसऱ्या आईसमोर गप्प बसल्याचा अर्थ 'हो' होतो. उद्या ही गोष्ट फुटली की परवा खिडकीपाशी कोणी येणार नाही, आणि मग सगळे परत गटारातल्या सुया धुऊन वापरतील. तू चिडशील, पण हे असंच आहे.

नुसता नकार पाठवायला जीव होत नाही, म्हणून इथलं थोडं सांगते. एक खोली, एक खिडकी. खिडकीतून नव्या सुया जातात, पिवळ्या डब्यात वापरलेल्या परत येतात. आत नर्स जखमा धुते, मी चहा करते आणि बोलते. बोलायचा मला पगार मिळतो हे दादाला सांगू नकोस, तो म्हणेल हिला जन्मभर फुकट बोलताना ऐकलं.

किती सुया गेल्या, किती परत आल्या, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. पण आमच्या मोठ्या बाई म्हणतात, आकड्यांना तोंड नसतं. म्हणून त्यांनी नवीन पद्धत काढली आहे. चहा पिताना कोणी सहज काही बोललं की ते वाक्य चिठ्ठीवर लिहायचं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवायचं. दर सोमवारी सगळ्या मिळून वाचायचं आणि कुठे काय बदलायचं ते ठरवायचं. मुलाखत नाही की प्रश्नावली नाही. पेन काढून प्रश्न विचारला की ही माणसं आपल्याला आवडेल तेच उत्तर देतात, आणि चहाचा कप हातात असला की खरं बोलतात. एकजण पुटपुटला की संध्याकाळी खिडकीसमोर शाळेची बस थांबते, लाज वाटते. आम्ही वेळ बदलली. कुठल्या आकड्यातून कळलं असतं हे?

अट एकच. चिठ्ठीवरून माणूस ओळखू येता कामा नये. नाव, गाव, काम, राहायची जागा, सगळं पुसायचं. या पुसण्यात मी पटाईत आहे. मोठ्या बाई म्हणतात, 'तुमची चिठ्ठी ज्याची आहे त्यालासुद्धा ओळखू येणार नाही.'

गेल्या आठवड्यातली एक तुला सांगते, कारण ती लिहिताना तू डोळ्यांसमोर होतीस. एकजण म्हणाला, 'आईचा फोन आला की मी उचलत नाही. पण वाजायचा थांबेपर्यंत हातात धरून बसतो.'

जेवत जा वेळेवर.

तुझी नणंद


२४ जानेवारी

वन्सं,

शिव्या कसल्या घालते! जीव भांड्यात पडला माझा. तुमचा नियम पण मोडला नाही आणि माझं काम पण झालं. काय डोकं आहे हो तुमचं!

तोच आहे तो. मी रोज दुपारी एकदा त्याच्या जुन्या नंबरावर फोन लावते. वाजतो वाजतो आणि बंद होतो. मला वाटायचं, फोन विकला असेल, कोणा भलत्याच्या खिशात वाजत असेल. आणि हा बसलाय हातात धरून! लहानपणी रुसला की पलंगाखाली बसायचा, पण अंगठा बाहेर ठेवायचा, मी ओढून काढावं म्हणून. तीच खोड.

तुमचं वाक्य मी कारखान्यात बाथरूममध्ये जाऊन परत परत वाचते. बाजूची म्हणाली, 'तुझं पोट बिघडलंय का?' म्हटलं हो, बिघडलंय. रात्री झोप लागते आता. तो तुमच्या नजरेसमोर आहे, तुमच्या हातचा चहा पितो, सुई नवी आहे, मग मला कसली काळजी? म्हणजे काळजी आहेच, पण छाती दाबून धरल्यासारखं व्हायचं ते गेलं.

सोबत लोकरीचे मोजे पाठवतेय, चार जोड. 'कोणालाही' द्या. मोठा जोड कोणाचा ते तुम्हाला सांगायला नको. हसू नका, मी कुठे काही विचारलं? तोंडावर बोट आणि हाताची घडी.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

मोजे मिळाले. पहिल्या दिवशीच संपले.

त्या चिठ्ठीबद्दल थोडं ऐकून घे. माझं चुकलं, मी ती तुला लिहायला नको होती. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आई आहे, आणि जवळजवळ प्रत्येकजण तिचा फोन टाळतो. तू त्यातून काही समजू नकोस. तू म्हणतेस तसंही नाही आणि तू म्हणतेस त्याच्या उलटही नाही. मला याहून पुढे जाता येत नाही आणि तुला झोप लागते हे वाचून माझी उडाली आहे, एवढंच समज.

बरं, विषय बदलते. इथे सध्या आनंदीआनंद आहे. आमच्या भिंतीवर तीन रकाने आहेत: 'तक्रार', 'नवीन' आणि 'बरं चाललंय'. तिसरा बिचारा कायम ओकाबोका असायचा. गेल्या दोन आठवड्यांत त्यात पाच चिठ्ठ्या लागल्या. पाच वेगवेगळी माणसं, सांगणं एकच: 'हल्ली अर्ध्यात भागतं.' म्हणजे पूर्वी जेवढी पावडर लागायची त्याच्या निम्म्यात काम होतं. आम्ही दोन महिने प्रत्येकाच्या मागे लागलो होतो, सोडता येत नसेल तर निदान कमी करा म्हणून. पहिला जो बोलला त्याला तर मी शाब्बास म्हणून दोन कप चहा पाजला. तो आपला ओशाळा हसला. मोठ्या बाईंनी हे वाक्य अहवालात पहिल्या पानावर घातलं आहे, कारण मार्चमध्ये केंद्र चालू ठेवायचं की नाही ते ठरणार आहे.

इतकी वर्षं या खिडकीत उभी आहे, आपल्या बोलण्याने कोणाचं काही बरं झालेलं फार कमी वेळा पाहायला मिळतं. म्हणून तुला लिहिलं.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं, वन्सं, वन्सं!

फोन आला. काल दुपारी, कारखान्यात, अनोळखी नंबर. मी धावत जिन्यात गेले. 'आई' म्हणाला.

आवाज बारीक झालाय, पण बोलला नीट. म्हणाला, जुना फोन कधीच विकला. म्हणजे वन्सं, मी इतके दिवस कोणाला तरी भलत्यालाच छळत होते! जाऊ दे. मी रागावले नाही. 'घरी ये' हे फक्त एकदाच म्हणाले. त्यालाच जास्त बोलायचं होतं. म्हणाला, 'आई, काळजी नको करू, हल्ली अर्ध्यात भागतं.' ऐकलंत? अक्षर न् अक्षर तेच! आता तरी कबूल करा की तो तुमच्याकडे येतो. मला तर जिन्यातच नाचावंसं वाटलं. मी म्हटलं, शाब्बास रे माझ्या राजा, आता अर्ध्याचं पाव कर.

खोलीचा एक सोबती आहे म्हणे, चांगला आहे. त्याला मात्र काहीतरी आजार दिसतोय. परवा बसल्या बसल्या झोपला, ओठ जांभळे पडले, हलवून उठेना. ढब्बूने तोंडावर पाणी मारलं, थोबाडीत मारल्या, तेव्हा कुठे मोठा श्वास घेतला. मी म्हटलं, त्याची साखर तपासून घ्या, आमच्या मास्तरांना असंच होतं. खाली टायरवाला आहे वाटतं. सारखा हवा भरायचा फुस्स फुस्स आवाज येत होता, आणि मध्येच मालगाडीची शिट्टी.

ह्यांना अजून सांगितलं नाही. चांगली बातमी आणखी थोडी पिकू दे, मग सांगेन. तुमचे उपकार कसे फेडू?

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

काल फोनवर तू 'तुम्ही माझ्याशी खेळलात' म्हणालीस आणि फोन आपटलास. आपटायलाच हवा होता. मी धड बोलूही शकले नाही, म्हणून नीट लिहिते. हे पत्र दादाच्या हातात पडलं तरी चालेल. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

काल सांगितलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्याजवळ राहील. ढब्बू इथे येत नाही. कधीच आला नाही. तो आला तर माझ्या नजरेला पडेल, या आशेवर मी रोज खिडकीत उभी राहते. नियमाच्या आड मी तुला निर्धास्त होऊ दिलं. नियम खरा आहे, मला आजही पटतो, आणि त्याच नियमाने तुला फसवलं. दोन्ही खरं आहे.

ती आईच्या फोनची चिठ्ठी एका गवंड्याची होती. आता त्याला ओळखून कोणी काय करणार म्हणून लिहिते. 'अर्ध्यात भागतं' असं पहिल्यांदा म्हणाला तोही तोच. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी तो त्याच्या खोलीत मरून पडलेला सापडला. एकटाच होता. आम्ही एकमेकींना समजावलं की त्याचं हृदय कमजोर होतं.

मग तुझं पत्र आलं. खिडकीत उभ्या उभ्या वाचलं. अर्ध्यात भागतं, बसल्या बसल्या झोप, जांभळे ओठ, टायरवाला, मालगाडी. सगळं एका पानावर. तू काहीच पुसलं नव्हतंस ना! मी आत गेले आणि तिसऱ्या रकान्यातल्या पाचही चिठ्ठ्या खाली काढल्या. ही माणसं मला तोंडपाठ आहेत. पाचांपैकी चार मालधक्क्याच्या मागच्या गल्ल्यांत राहतात. लिहिताना मीच ते पुसलं होतं, आणि किती छान पुसलं म्हणून कौतुकही करून घेतलं होतं. एकाच भागातल्या चौघांना दोन आठवड्यांत एकदम शहाणपण येत नाही, वहिनी. तिथे कोणीतरी दुसरी पावडर विकतंय. दुप्पट कडक, कदाचित त्याहून जास्त. म्हणून अर्ध्यात भागतं. ती माणसं आम्हाला धोका सांगत होती आणि आम्ही त्याला यश म्हणून अहवालात घातलं. मी त्या गवंड्याला शाब्बास म्हटलं. तूही ढब्बूला म्हणालीस, पण तुला कुठे ठाऊक होतं? हे ओळखायचा मला पगार मिळतो.

कालपासून काय केलं ते सांगते. खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावलं: 'अर्ध्यात भागतंय? माल कडक आहे. एकट्याने घेऊ नका. आधी थोडंच घेऊन बघा. दाराला कडी लावू नका.' येईल त्याला तोंडाने सांगतोय, प्रत्येकाला नाकात मारायचा फवारा देतोय. श्वास थांबायला लागला की तो मारला तर माणूस परत येतो. मोठ्या बाईंनी अहवाल परत मागवला. आज सकाळी नर्स आणि मी मालधक्क्यामागे गेलो. टायरची तीन दुकानं आहेत. तिसऱ्याच्या वर एक खोली आहे. दुकानदार म्हणाला, दोघं राहत होते, त्यातला एक घाबरून निघून गेला, दुसरा येतो-जातो. दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून मी फवारा आत ठेवला, आणि तोच मजकूर लिहिलेला कागद. खाली 'आत्या' असं लिहिलं. तो दुसरा दिसतो कसा ते मी दुकानदाराला विचारलं नाही. नाव-रूप विचारायची सवय नाही हे एक, आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटली.

तू त्या नंबरवर फोन करत राहा. लागला तर रागावू नकोस. 'सोड' म्हणू नकोस, तो फोन ठेवून देईल. खिडकीवरची वाक्यं सांग, तेवढीच.

नणंद


२४ फेब्रुवारी

वन्सं,

फोन आपटल्याची माफी मागणार नाही. तुम्हीही मागू नका. आपल्या दोघींनाही त्याला वेळ नाही.

तुमचं पत्र मी ह्यांच्या हातात दिलं. टीव्ही बंद केला आणि समोर उभी राहिले. ह्यांनी सगळं वाचलं. घडी घालून परत दिलं आणि गच्चीवर गेले. मी तो नंबर लावत राहिले. बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. कारखान्यात मी एका गणवेशाला दोन डाव्या बाह्या लावल्या. मास्तरांनी गुपचूप उसवून दिल्या.

काल रविवार. सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन वाजला. नवाच नंबर. 'आई, आत्या इथे आली होती का गं?' म्हणाला. म्हटलं, हो. 'कागद वाचला मी. तो फवारा पण आहे.' मग म्हणाला, 'सोबती निघून गेला. मी एकटाच आहे. आणि आई, मला आत्ता घ्यावं लागणार आहे, अंग मोडून आलंय, थांबवत नाहीये. त्या कागदावर लिहिलंय एकट्याने घेऊ नका. दुसरं कोणी नाहीये गं. तू थांबशील का फोनवर?'

वन्सं, तुम्ही लिहिलं होतं 'सोड' म्हणू नका. ते जिभेवर आलं होतं. दातांनी धरून ठेवलं. दूध उतू जात होतं, मी नुसती बघत होते. हे स्वयंपाकघरात आले, गॅस बंद केला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं समजले.

मी म्हटलं, थांबते. दाराची कडी काढ. 'काढली' म्हणाला. फवारा दाराशी ठेव, वर येणाऱ्याला दिसेल असा. ह्यांनी तेवढ्यात स्वतःच्या फोनवर टायरच्या दुकानाचा नंबर शोधून लावला. कुठून मिळवला कोण जाणे. दुकानदाराला म्हणाले, 'रविवार असला तरी शटर उघडं ठेवा आणि वर लक्ष द्या, माझा मुलगा आहे तिथे.' माझा मुलगा, असं म्हणाले.

मग मी ढब्बूला म्हटलं, 'आधी थोडंच घे.' हे माझ्या तोंडून गेलं, वन्सं. जन्मभर त्याच्या ताटाशी उभी राहून 'अजून थोडं घे, अजून थोडं घे' म्हणत आले, ती मी.

त्यानंतर फक्त श्वास. मी स्पीकर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. हे एक स्टूल घेऊन आले आणि कान फोनला टेकवून बसले. एक श्वास, मग मध्ये जागा, मग दुसरा. मधली जागा जरा लांबली की ह्यांची बोटं माझ्या मनगटात रुतायची. आज तिथे निळं झालंय. मी हाका मारत होते, 'ढब्बू, बोल रे. ढब्बू, हूं तरी म्हण.' तो हूं म्हणायचा. एकदा नाही म्हणाला. हे ओरडले, 'ए ढब्ब्या!' इतक्या जोरात की शेजारचं दार उघडलं. पलीकडून अगदी दुरून आवाज आला, 'बाबा?'

हे नुसती मान हलवत होते, जसं काही त्याला दिसतंय.

बराच वेळ गेला. मग तो उठून बसला, पाणी प्यायला, त्याचा घोट ऐकू आला. म्हणाला, 'मी आहे. ठेवतो आता.' मी हो म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, 'त्याला विचार, उद्या फोन किती वाजता. मी घरी थांबतो.'

तुमची वहिनी